वालाला अंधार पाहिजे होता

यंदा दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी वालाचा वेल उपटायला निघालो होतो. विळा हातात होता. आई ओसरीत लसणाच्या पाकळ्या सुट्या करत बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "काहून रे, तुझं काय खाल्लं त्यानं?"

खाल्लं होतंच. मृगाच्या पहिल्या पावसानंतर कुंपणापाशी चार बिया टोचल्या होत्या. जुलैत वेल तारेवर चढला, ऑगस्टात गच्चीच्या कठड्याला लागला. सप्टेंबर संपला तेव्हा लिंबाचं झाड त्याखाली दिसेनासं झालं होतं आणि शेणखताची दोन घमेली जिरली होती. फूल म्हणाल तर एक नाही. नुसता पाला.

"दिवस लहान झाल्याबिगर तो फुलत नाही," आई म्हणाली. "दसरा तर होऊ दे."

आई उमरेडकडची. तिच्या बोलण्याला मी आधी हो म्हणतो आणि मग गुपचूप वाचून बघतो. या वेळी वाचलं तर ते तंतोतंत खरं निघालं. गावरान वाल रात्रीची लांबी मोजतो. जूनच्या शेवटी नागपुरात दिवस जवळपास 13 तास 25 मिनिटांचा असतो, डिसेंबरात तो 11 तासांच्या आत येतो. सप्टेंबरच्या 22-23 तारखेला दिवस-रात्र सारखी होते आणि त्यापुढं रात्रीची सरशी. रात्र पुरेशी लांब झाली की वेल पानं काढणं आवरतो आणि कळ्यांच्या मागं लागतो. चार महिने तो आळशी नव्हता, वाट पाहून राहिला होता. विळा खुंटीला गेला.

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात गच्चीच्या बाजूला जांभळे तुरे दिसले. सकाळी त्यावर काळे भुंगे घोंघावायचे. पण रस्त्याकडचा अर्धा वेल तसाच हिरवागार, ढिम्म. माती एक, पाणी एक, बियाही एकाच पुडीतल्या. मी खत कमी-जास्त झालं का ते आठवत बसलो, मुळाशी खुरपून पाहिलं, मुंग्यांना दोष दिला. मग एका रात्री कचऱ्याची बादली ठेवायला फाटकापाशी गेलो आणि टाळकं ठिकाणावर आलं. आमच्या फाटकासमोरच्या खांबावर या उन्हाळ्यात नवा एलईडी दिवा लागला आहे. पांढराफेक. त्याच्या उजेडात पेपर वाचता येतो. त्या अर्ध्या वेलाला रात्र झालीच नव्हती! रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन शेवटपर्यंत हिरवं राहतं, हे आपल्याकडचे शेतकरी सांगतातच. तोच प्रकार.

दिवाळीच्या सफाईत माळ्यावर एक जुना फ्लेक्स सापडला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, कोणाच्या ते सांगत नाही. उलटा करून, म्हणजे चेहरे वेलाकडं, तो बांबूला बांधून दिवा आणि वेलाच्या मधोमध टांगला. आई म्हणाली, "आता ते लोक वालाला भाषण देतील."

दरम्यान सांबाराची वेगळीच कथा. (पुणेकरांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते निराळं.) दरवर्षी मी घटस्थापनेच्या उत्साहात धने पेरतो आणि दरवर्षी हात दाखवून अवलक्षण होतं. पाऊस गेल्यावर नागपुरात ऊन पुन्हा चढतं, दुपारी 33-34 अंश, गच्चीवरच्या कुंड्या तर त्याहून तापतात. 30 च्या वर धने उगवायला कुरकुरतात. उगवलेच तर चार पानं काढून फुलावर येतात. घटातले गहू तरारून येतात म्हणून धनेही येतील, हा माझा अंदाज. गहू घरात सावलीत असतात, हे सोयीनं विसरायचं.

यंदा दम धरला. दिवाळी झाली, पहाटे चादर ओढावीशी वाटायला लागली, तेव्हा पेरलं. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी फडक्यावर कोरडे करून टाकायचे. अख्खा टाकलात तरी उगवतो, पण विरळ. नवव्या दिवशी कोंब दिसले. मेथीचं असं काही नाही, ती तिसऱ्या दिवशी हजर होते.

मातीबद्दल मात्र सांगतोच, कारण पहिली दोन वर्षं त्यात गेली. आमच्या प्लॉटची काळी माती कुंडीत भरली की पावसात चिखल, ऑक्टोबरात वीट. भेगा पडतात आणि पाणी कडेकडेनं खाली निघून जातं, मुळाला थेंब नाही. आता दोन घमेली माती, एक शेणखत, एक कन्हानची जाडी रेती. यापुढे मी कोणाचं ऐकत नाही.

नागपूरचा म्हटलं की लोक संत्र्याचं विचारतात. नाही. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत कळमन्याच्या बाजारात गाड्या भरून येतात, ती मी विकत घेतो. कुंडीत संत्र्याचं झाड लावून त्याला छळण्यात अर्थ नाही.

पहिल्या शेंगा दिवाळीनंतर निघाल्या, काळोखाच्या बाजूनं. ओंजळभर वाल, दोन वांगी, एक भेदरं (म्हणजे टोमॅटो). आईनं लसूण-मिरची ठेचून फोडणी दिली, वरून कूट. ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात. मुलगी, जी वालाला नाक मुरडते, तिनं रस्सा दोनदा घेतला आणि शेंगा कडेला काढून ठेवल्या. तेवढं चालते. सांबार अजून दोन बोटं आहे. जरा भरलं की सांबारवडी, सोबत कढी. खसखस आणून ठेवली आहे.

आणि तुळशीच्या लग्नानंतर आठवडाभरानं उजेडाच्या बाजूलाही कळ्या आल्या. मोजून सात तुरे. मी आईला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "थंडी पडली म्हणून आले असतील," आणि आत गेली.

आता अडचण एवढीच की समोरच्या काकू काल फाटकाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या फ्लेक्सानं आमच्या गाडीवर अंधार पडते." मी अर्धा किलो शेंगा दिल्या. त्या पिशवीत बघून म्हणाल्या, राहू द्या मग, पण गाडीचं कव्हर तुम्ही आणून द्याल.