ब्रिटनमध्ये ‘त्यांचं काही घ्यायचं नाही’ म्हणजे नेमकं काय करायचं

इकडच्या ऑफिसात किटकॅटचा डबा फिरला की एखादी व्यक्ती हमखास मान हलवते. “नको, मी नेस्लेचं खात नाही.” कुणी वाद घालत नाही, कारणही विचारत नाही, डबा पुढे सरकतो. आपल्याकडे बहिष्कार म्हटला की मोर्चा, घोषणा, १९०५ साली पुण्यात पेटलेली परदेशी कापडाची होळी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ब्रिटनमध्ये तो बहुतेकदा एकट्याचा, बिनआवाजाचा असतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

प्रकार जुनाच आहे. १७९१ साली संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. काहींनी तिच्याऐवजी ‘ईस्ट इंडिया’ची, म्हणजे आपल्याकडून गेलेली साखर घेतली. ‘गुलामांनी न बनवलेली’ असं लिहिलेली त्या काळची साखरेची भांडी इकडच्या संग्रहालयांत ठेवलेली आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातली साखर पापमुक्त ठरली, यातली गंमत आपल्यालाच जास्त कळते.

आजची कारणं तऱ्हेतऱ्हेची आहेत. नेस्लेवरचा राग बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीवरून आहे. गरीब देशांत आयांना पावडरीची सवय लावायची, मग पाणी अस्वच्छ, पावडर महाग म्हणून ती पातळ केली जाते, आणि बाळ आजारी पडतं. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेला हा बहिष्कार १९८४ साली थांबला, आणि इस्पितळांना फुकट पावडर पुरवणं चालूच आहे म्हणून १९८८ साली पुन्हा सुरू झाला. (बाळांच्या दुधाच्या जाहिरातीवर भारतात १९९२ सालच्या कायद्यानेच बंदी आहे.) लिव्हरपूलमध्ये ‘द सन’ हे वर्तमानपत्र कित्येक दुकानदार ठेवतच नाहीत. १९८९ साली हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर चार दिवसांनी त्याने मेलेल्यांच्या खिशात चाहत्यांनी हात घातल्याची खोटी बातमी पहिल्या पानावर छापली होती. कॅडबरी घेताना क्राफ्ट या अमेरिकी कंपनीने ब्रिस्टलजवळचा कारखाना चालू ठेवू असं सांगितलं आणि २०१० साली ताबा मिळताच आठवड्याभरात तो बंद करण्याचं जाहीर केलं. पी अँड ओ फेरीजने १७ मार्च २०२२ रोजी ७८६ खलाशांना एका व्हिडिओ संदेशात कामावरून काढलं. तिची मालक दुबईची डीपी वर्ल्ड, तीच आपल्या न्हावा शेव्याला कंटेनर टर्मिनल चालवते.

यातलं कुठलं कारण तुम्हाला पटतं हा तुमचा प्रश्न. इथून पुढचं सगळं ‘कसं करायचं’ याबद्दल आहे, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

पहिली अडचण मालकाची. पाकिटावरचं नाव आणि पैसे जातात ती तिजोरी यांचा संबंध फार सैल असतो. ॲमेझॉन नको म्हणून माणूस जुनी पुस्तकं एबबुक्सवरून मागवतो; एबबुक्स २००८ पासून ॲमेझॉनचंच आहे. कोकाकोला नको म्हणून कोस्टात कॉफी प्यायला जावं, तर कोस्टा २०१९ साली कोकाकोलानेच घेतलं. इनोसंटचे फळांचे रसही त्याच घरचे. वॉटरस्टोन्स हे जुनं ब्रिटिश पुस्तकांचं दुकान एलियट या अमेरिकी हेज फंडाच्या, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे फिरवणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात आहे. म्हणजे ते टाळावं असं नाही, पण ‘मोठ्या भांडवलाला पैसे द्यायचे नाहीत’ एवढ्याच कारणावर ॲमेझॉन सोडलं असेल तर तिथे जाऊन काय साधलं याचा विचार करावा. बुकशॉप डॉट ऑर्ग मात्र प्रत्येक विक्रीतला वाटा स्वतंत्र दुकानांना देतं.

मालक शोधायला दहा मिनिटं पुरतात. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आपलं अधिकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. तो बहुधा पानाच्या तळाशी किंवा ‘टर्म्स’मध्ये असतो. तो क्रमांक कंपनीज हाउस या सरकारी नोंदणीच्या साइटवर टाका. पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. तिथे ‘पीपल’च्या खाली ‘पर्सन्स विथ सिग्निफिकंट कंट्रोल’ हा टॅब असतो, त्यात २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असणाऱ्यांची नावं दिसतात. बरेचदा तिथे दुसऱ्या कंपनीचंच नाव निघतं, मग तिचा क्रमांक टाकायचा, मग तिच्या मालकाचा. कंटाळा आला तर एक जवळची वाट आहे. ‘फायलिंग हिस्टरी’तून सगळ्यांत ताजे वार्षिक हिशेब उघडा आणि थेट शेवटच्या टिपांवर जा. ‘अल्टिमेट पेरेंट’ किंवा ‘कंट्रोलिंग पार्टी’ या मथळ्याखाली सगळ्यांत वरच्या मालकाचं नाव आणि देश एका ओळीत लिहिलेला असतो. अगदी छोट्या कंपन्यांचे हिशेब त्रोटक असतात, त्यांत ही टीप सापडेलच असं नाही.

सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचा माल कोण बनवतं ते पाकिटावर छापत नाहीत. दूध, चीज, मांस, मासे असल्या मालावर मात्र एक छोटा अंडाकृती शिक्का असतो. त्यात ‘यूके’ किंवा ‘जीबी’ आणि कारखान्याचा मंजुरी क्रमांक लिहिलेला असतो. फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवरच्या मंजूर कारखान्यांच्या यादीत तो शोधला की नाव कळतं. एवढं लक्षात ठेवा की हा शिक्का माल शेवटी जिथे तयार किंवा पॅक झाला त्या जागेचा असतो. दूध कुठल्या गोठ्यातलं, हे तो सांगत नाही. बिस्किटं, चॉकलेट, साबण यांवर असला शिक्का नसतोच.

आणि ते बारकोडचं. ‘७२९ दिसलं तर इस्रायलचा माल’, ‘८९० म्हणजे भारतात बनलेलं’ असले संदेश इकडच्या व्हॉट्सॲप गटांत दर काही महिन्यांनी नव्याने फिरतात. बारकोडचे पहिले आकडे कंपनीने तो क्रमांक कुठल्या देशाच्या जीएसवन या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला तेवढंच सांगतात. लंडनमध्ये नोंदलेली कंपनी ५०ने सुरू होणारा क्रमांक घेते आणि तोच कुठल्याही देशात बनलेल्या खोक्यावर छापते. फळं-भाज्या घेताना पाहायचं ते बारीक अक्षरातलं मूळ देशाचं नाव. बहुतेक ताज्या मालावर ते देणं बंधनकारक आहे.

दुसरी अडचण अशी की सोडायला सोपं ते लोक आधी सोडतात, आणि त्यात पैसा सगळ्यांत कमी असतो. चॉकलेट सोडलं तर कंपनीचं महिन्याला दोन-चार पौंडांचं नुकसान. बँक सोडली तर फरक मोठा, आणि इकडे ती सोडणं वाटतं तेवढं अवघड नाही. करंट अकाउंट स्विच सर्व्हिस नावाची व्यवस्था आहे. नव्या बँकेत खातं उघडताना ‘फुल स्विच’ निवडा, तारीख सांगा, सात कामकाजाच्या दिवसांत पगार, डायरेक्ट डेबिट (कंपन्या खात्यातून कापून घेतात ती बिलं), स्टँडिंग ऑर्डर (तुम्ही लावून दिलेले ठरावीक हप्ते) आणि शिल्लक तिकडे जाते, जुनं खातं आपोआप बंद होतं आणि जुन्या क्रमांकावर आलेले पैसे पुढची तीन वर्षं नव्या खात्याकडे वळवले जातात. जुनं खातं आधी स्वतः जाऊन बंद करू नका, मग यातलं काहीच मिळत नाही.

जे हलत नाही ते असं: कार्डावर दरमहा कापले जाणारे पैसे, म्हणजे स्ट्रीमिंग, जिम, फोनची ॲप्स. ती कार्डाला बांधलेली असतात, खात्याला नाही, म्हणून एकेक करून बदलावी लागतात. भारतात पैसे पाठवायच्या ॲपमधलं खातंही हातानेच बदलायचं. आणि स्विचच्या आदल्या दिवशीपर्यंत जुन्या खात्याची सगळी स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. व्हिसा वाढवताना किंवा घराचं कर्ज काढताना ती मागतात, आणि खातं बंद झालं की ऑनलाइन दारही बंद होतं. पुढच्या काही महिन्यांत कर्जाचा अर्ज करणार असाल तर स्विच नंतर करा, नव्या खात्यासाठी होणारी क्रेडिट तपासणी तुमच्या नोंदीत दिसते. सामूहिक दबाव आला तर मोठ्या बँकाही हलतात. वर्णभेदाच्या मुद्द्यावर विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं टाळलेली बार्कलेज १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली.

खरी रक्कम मात्र पेन्शनमध्ये असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. नोकरी लागली की पगाराच्या ठरावीक भागाच्या किमान ८ टक्के पेन्शनमध्ये जातात, ३ मालकाचे आणि ५ तुमचे, करसवलत धरून. काही निवडलं नाही तर ते ‘डिफॉल्ट फंडा’त पडतात, आणि तो जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घेतो. म्हणजे ज्या तेल कंपनीच्या पंपावर तुम्ही गाडी वळवत नाही, तिचे शेअर दर महिन्याला तुमच्याच नावावर जमा होत असतात. यावर रागावून पेन्शनमधून बाहेर पडणं हा शुद्ध तोटा, मालकाचे ३ टक्केही जातात. करायचं ते असं. पेन्शन कंपनीच्या साइटवर लॉगिन करा, ‘फंड’ किंवा ‘इन्व्हेस्टमेंट’मध्ये जा, आत्ताच्या फंडाची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, उघडा आणि पहिल्या दहा कंपन्यांची यादी वाचा. मग ‘एथिकल’ फंड असेल तर त्याचीही तीच यादी वाचा. नावावर जाऊ नका. तेल, तंबाखू, शस्त्रं वगळलेल्या फंडांत बरेचदा मोठ्या टेक कंपन्यांचा वाटा वाढलेला असतो, त्यामुळे ॲमेझॉनवर रुसलेल्याला तिथे ॲमेझॉनच जास्त मिळू शकतं.

बदलण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहा. डिफॉल्ट फंडावर वर्षाला ०.७५ टक्क्यांहून जास्त शुल्क लावता येत नाही. तुम्ही स्वतः निवडलेल्या फंडाला ही मर्यादा नाही. आणि निवृत्ती जवळ आली की डिफॉल्ट फंड बहुधा आपोआप पैसे कमी जोखमीकडे हलवतो, निवडलेला फंड तसं करेलच असं नाही. ते काम मग तुमचं.

वीज-गॅसची कंपनी बदलता येते, भिंतीतून येणारी वीज तीच राहते, फक्त बिल वेगळ्या नावाने येतं. पाण्याचं मात्र काहीच करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९८९ साली पाणी खासगी झालं, पण घरगुती ग्राहकाला आपल्या भागातलीच कंपनी घ्यावी लागते. नद्यांत मैलापाणी सोडतात म्हणून काही जण बिल भरायचं थांबवतात. घरगुती पाणी बिलासाठी तोडता येत नाही हे खरं, पण थकबाकी क्रेडिटच्या नोंदीत जाते आणि प्रकरण कोर्टात जाऊन निकाल विरोधात लागला तर तो सहा वर्षं तिथे राहतो. इथे नव्याने बस्तान बसवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. व्हॉट्सॲपबद्दलही भांडण नको. आई-बाबा, मामा-मावश्या सगळे तिथेच आहेत, ते सोडून बहिष्कार कंपनीवर होत नाही, घरच्यांवर होतो.

तिसरं, कंपनीला कळवायला हवं. गप्प राहून सोडलेला ग्राहक त्यांच्या हिशेबात ‘इतर कारणं’ या खान्यात जातो. ग्राहकसेवेच्या चॅटवर लिहून काही होत नाही. नोंदणीकृत पत्त्यावर ‘कंपनी सेक्रेटरी’च्या नावे एका पानाचं पत्र टाका. किती वर्षांपासून ग्राहक, काय घ्यायचं थांबवलं, कधीपासून, आणि नेमकं काय झालं तर परत येणार. ही शेवटची ओळ नसेल तर पत्राला अर्थ नाही. कंपनी शेअर बाजारात असेल तर एक शेअर घेऊन वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. शेअर ॲपमधून घेतला असेल तर तो तुमच्या नाही, ॲपच्या ‘नॉमिनी’ कंपनीच्या नावावर असतो, म्हणून त्या ॲपकडून सभेसाठी प्रतिनिधिपत्र काही आठवडे आधी मागावं लागतं. जाताना खातं आणि माहिती पुसायला सांगा, त्यांना साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. खरेदीच्या पावत्या मात्र ते कराच्या नियमांमुळे ठेवू शकतात. सदस्यत्व आधी रद्द करायचं आणि मग डायरेक्ट डेबिट. उलट केलं तर करार चालूच राहतो आणि वसुलीवाल्यांचं पत्र येतं.

काय घ्यायचं नाही हे ठरवायला कायदा आडवा येत नाही. इतरांना सांगताना मात्र जपून. मॅकडोनाल्ड्सविरुद्धच्या पत्रकावरून हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस यांच्यावर चाललेला अब्रुनुकसानीचा खटला १९९४ साली उभा राहिला, ३१३ दिवस न्यायालयात चालला आणि १९९७ साली त्याचा निकाल लागला. २०१३च्या कायद्याने कंपन्यांना आता गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागतं, तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेला मजकूरही कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धच झालेला असतो. ‘मी हे घेत नाही, कारण अमुक निकालात असं म्हटलं आहे’ एवढं लिहिलं तर सहसा अडचण येत नाही. ‘हे चोर आहेत’ लिहू नये.

राहता राहिली मुदत. नेस्ले टाळणाऱ्या अनेकांनी २००६ साली बॉडी शॉपही सोडलं, कारण ते लोरेआलने घेतलं आणि लोरेआलमध्ये नेस्लेचा मोठा हिस्सा होता. लोरेआलने २०१७ साली ते विकून टाकलं, त्यानंतरही मालक बदलले, तरी जुन्या यादीवर विसंबून त्या दारावरून पुढे जाणारी माणसं आहेत. याच्या उलट, नैतिक धोरणासाठी कोऑपरेटिव्ह बँकेत खातं उघडणाऱ्यांची बँक २०१३च्या संकटानंतर हेज फंडांच्या हातात गेली, आणि २०२५ च्या सुरुवातीला कव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी या सभासदांच्या मालकीच्या गृहकर्ज संस्थेने घेतली. मँचेस्टरचं १९८९ साली सुरू झालेलं ‘एथिकल कन्झ्युमर’ हे नियतकालिक चालू बहिष्कारांची यादी ठेवतं. एप्रिलमध्ये नवं करवर्ष सुरू झालं की पेन्शनची फॅक्टशीट, कंपनीज हाउसमधला मालक आणि ही यादी एका बैठकीत तपासून घ्यावी.