कोकणात फोटो काढायचेत? आधी तिथी बघा

सुट्टी बघून कोकणात जायचं ठरतं. संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोचावं, तर लाटा थेट सुरूच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत आलेल्या. ओल्या वाळूचा आरसा नाही, खडक पाण्याखाली, चालायलासुद्धा जागा नाही. उजेड अप्रतिम, पण समोर फोटोच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेशेजारी बारीक अक्षरात तिथी छापलेली असते. किनाऱ्यावरच्या फोटोचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

हिशेब जुना आणि तोंडी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटं पुढे. म्हणजे अष्टमीला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही भरतीत जातात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र दोन्ही वेळा पाणी ओसरलेलं असतं.

हा आडाखा मुंबई-अलिबागकडे चांगला जुळतो. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तिकडे सूर्यास्ताच्या ओहोटीसाठी द्वितीया-तृतीया धरावी. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात हा फरक दोन मीटरच्या आसपास. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. नेमका आकडा भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावा; तिथीचा उपयोग कुठल्या आठवड्यात जायचं हे ठरवायला.

ओहोटीच्या वाळूवर लाट मागे सरकली की दोन-चार सेकंद पाण्याचा पातळ थर राहतो, आकाश त्यातच दिसतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवून लाट परत फिरताना बटण दाबा, येताना दाबलंत तर नुसता फेस पांढरा होतो. ट्रायपॉड ओल्या वाळूत हळूहळू रुततो आणि फोटो हलतो, म्हणून पाय आधीच दाबून घट्ट बसवायचे. सगळ्यात खालचा भाग पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे लॉक खाऱ्या पाण्याच्या वर राहतं.

वाळूचा रंगही फसवतो. रत्नागिरीत एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र आहे. मांडवीच्या काळ्या वाळूवर कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यावं (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). पांढऱ्या वाळूवर उलट, तेवढंच वर. मोबाइल असेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि मग उजेड कमी-जास्त करा.

आता माणसं. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो, आणि समुद्राकडे तोंड करून काढलेल्या फोटोत चेहरे, होड्या, जाळी स्वच्छ उजळतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, टिपायची ती याच वेळी. होडी अर्धगोल जाळं सोडून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा ते ओढत एकमेकींकडे सरकत जातात. हे काम तास-दोन तास चालतं, बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांतच शेकडो फोटो काढून कंटाळतात. खरा क्षण शेवटी येतो. जाळ्याचा खोळ कमरेएवढ्या पाण्यात आला की वरचं पाणी आधी थरथरतं, मग एकदम चंदेरी होतं: बांगडे, तारल्या, पेडवे. वर घारी उतरायला लागतात. मासळीची तडफड गोठवायची तर शटर १/१००० हवं, दोर ओढणाऱ्या हातांना १/५०० पुरतं. दोर ओलांडू नका, दोन रांगांच्या मधे शिरू नका; ताणलेला दोर पायात आला तर माणूस आपटतो, आणि त्यांचं काम अडतं ते वेगळंच.

ओहोटीला खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका बसलेल्या असतात. जवळ जाऊन आधी विचारावं, "काकी, एक फोटो काढू काय?" नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. हो म्हटलं तर चेहऱ्यापेक्षा हात बघा: टोकदार लोखंडाचा एक नेमका ठोका, शिंपल्याचं झाकण उडतं, आतलं करडं मांस चिमटीत येतं. पायात जाड तळाची चप्पल घाला, त्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात.

पौर्णिमेला पहाटे लवकर उठावं, चंद्र समुद्रात मावळतो. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर पुढे-मागे चालून तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर आणता येतो. हिवाळ्यातला पूर्णचंद्र वायव्येकडे उतरतो, उन्हाळ्यातला नैर्ऋत्येकडे, त्यामुळे उभं राहायची जागा महिन्यागणिक बदलते. क्षितिजावर धुरकट असेल तर चंद्र टेकायच्या आधीच विरतो, म्हणून तो तटाच्या चार बोटं वर असतानाच फोटो घ्या.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांना तिथी लागत नाही, तिरपा उजेड लागतो. कशेळीच्या हत्तीची रेघ दुपारी जवळजवळ दिसतच नाही. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास धरला तर खोदलेल्या कडेला सावली पडून आकृती उठून येते. रेघा खडूने रंगवणं किंवा त्यांच्यावर उभं राहणं, दोन्ही अक्षम्य.

परत खोलीवर आल्यावर कॅमेरा कोरडा पुसून ठेवून देऊ नका. खाऱ्या तुषारांचे सुकलेले कण काचेवर ओरखडे काढतात. आधी हवेच्या फुग्याने उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कपड्याने बॉडी पुसा, ट्रायपॉडचे पाय नळाखाली धरा. एसीच्या खोलीतून बाहेर निघताना कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं. पावसाळ्यात बॅगेत लेन्स तशीच पडून राहिली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते आणि ती काढताना काचेवरचा लेपही जातो. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळं करून घ्या. हा तवा पोळीचा नको, वेगळा ठेवा.