बोनेट नसलेल्या ट्रकची मॉडेल्स : आमची वाटचाल

आमचा गाळा कुर्ल्यात आहे. धंदा सुरू झाला तो बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींसाठी इमारतींची मॉडेल्स करण्यापासून. ट्रककडे आम्हाला वळवलं वाहतूकदारांनी. वडाळा, मशीद बंदर, कळंबोलीच्या जुन्या पेढ्यांना आपल्या पहिल्या गाडीचं मॉडेल ऑफिसात हवं असतं आणि त्या गाडीचं तयार किट मिळत नाही. युरोप-अमेरिकेतल्या ट्रकांची किट्स १:२४ आणि १:२५ मध्ये येतात, आपली गाडी त्यांत नसते. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, १९६९ मध्ये तो करार संपला. पण त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं गिऱ्हाईक बहुधा नुसती चासी उचलायचं. केबिन आणि हौदा बॉडीबिल्डर बांधायचा, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचीही तोंडं जुळत नाहीत. शून्यापासून बांधणं भाग पडतं ते यामुळेच.

स्केल आधी ठरवतो. सात मीटरची गाडी १:२४ मध्ये २९ सेंमी होते, १:१६ मध्ये ४४ आणि १:१२ मध्ये ५८. टेबलावर ठेवायची असेल तर १:२४ पुरे. या स्केलला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर, हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

गाडी उभी असेल तर टेप लावून मापं घेतो. नसेल तर फोटोवरून काम, आणि तिथे टायर कामाला येतो. ९.००-२० टायरचा व्यास साधारण १०२० मिमी. बाजूने काढलेल्या फोटोत तो मोजला की बाकीची मापं गुणोत्तराने निघतात. फोटो अगदी समोरून, जवळून काढलेला असेल तर त्यावर विसंबत नाही. जवळच्या फोटोत तोंड फुगतं आणि मागचा हौदा आक्रसतो. फोटोतली सगळ्यात मोलाची मापं दोन : पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून बंपरपर्यंतचं अंतर आणि तिथूनच दाराच्या मागच्या कडेपर्यंतचं. बोनेटवाल्या गाडीत मिलिमीटरभर चूक बोनेट आणि मडगार्ड पोटात घेतात. सपाट तोंडाच्या, म्हणजे बोनेट नसलेल्या गाडीत चाक, दार आणि काच एकमेकांना चिकटून असतात, तिथे ती पहिल्या नजरेत दिसते. ज्याने ती गाडी हाकली आहे तो माणूस तर लगेच म्हणतो, "ही आपली नाही."

म्हणून काम चाकापासून सुरू होतं. टायरचा मास्टर (साच्यासाठीचा मूळ नमुना) लेथवर काढतो, व्यास ४२.५ मिमी, रुंदी ११. पुढच्या टायरला सरळ रेघांची नक्षी, मागच्याला आडवे गट्टे, म्हणजे मास्टर दोन. त्यावर सिलिकॉनचा साचा आणि साच्यात काळं पीयू (पॉलियुरेथेन) रबर. मागची जोडचाकं मध्यापासून मध्यापर्यंत १२.५ मिमीवर, दोन टायरांत दीड-दोन मिमीची फट हवी. ती बुजली की मागून गाडी खोटी वाटते. चाकाची डिस्क पुढे-मागे एकच असते, फक्त उलटी बसते : पुढे फुगीर बाजू बाहेर, मागे खोलगट. टायरच्या तळाला मिलिमीटरभर सपाट घासतो, मग गाडी जमिनीवर टेकलेली दिसते. पीव्हीसीचे तयार टायर वापरत नाही. त्यातलं मऊ करणारं तेल हळूहळू पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या रिममध्ये उतरतं आणि वर्षा-दोन वर्षांत रिम वितळून चिकट होते.

चासीला पितळ. पत्रा गुलालवाडीतून, हत्यारं नागदेवीवरून. खरा चॅनेल (चासीची लांब तुळई) साधारण नऊ इंच उंच आणि तीन इंच फ्लँजचा (दुमडलेल्या कडेचा) धरला तर मॉडेलमध्ये साडेनऊ आणि ३.२ मिमी, म्हणजे ०.३ मिमी पत्र्याची १६ मिमी रुंद पट्टी. दुमडायच्या रेषेवर आतून व्ही खाच पाडली की घडी धारदार येते. दोन्ही चॅनेल जाड काचेवर, गुण्या लावून, बाहेरून बाहेर ३६ मिमीवर धरतो आणि आडव्या पट्ट्यांना कथलाचा डाग देतो. आधी दोन टोकं, मग मधल्या. एका बाजूने ओळीने डाग देत गेलं की उष्णतेने चासी पिळते आणि चौथं चाक अधांतरी राहतं. डाग देताना लावलेल्या झिंक क्लोराइडचा अंश खायच्या सोड्याच्या पाण्याने, ब्रशने घासून धुवावा लागतो. राहिला तर रंगाखाली हिरवट फोड येतात. कमान पाट्यांचा प्रत्येक पाटा अर्धा मिमी जाड, तीन मिमी रुंद, आणि सगळे वेगवेगळे कापून एकावर एक. एकाच ठोकळ्यावर रेघा मारलेला पाटा आम्ही लावत नाही.

केबिन हा खरा कस. आत दीड मिमी हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनची पेटी, बाहेरून अर्धा मिमीची कातडी. पुढच्या दर्शनी भागाची गोलाई एका जाड शीटने येत नाही. अर्ध्या मिमीचे दोन तुकडे लाकडी साच्यावर टेपने बांधून वरून उकळतं पाणी ओततो, थंड होऊ देतो, मग एकमेकांवर चिकटवतो. चिकटवायला ॲक्रिलिकवाल्यांचं क्लोरोफॉर्म चालतं, पण ब्रशच्या टोकाइतकंच, आणि खिडकी उघडी ठेवून. जास्त लागलं तर पातळ शीट मऊ पडते आणि दोन दिवसांनी सांध्याच्या जागी खड्डा दिसतो. म्हणून कातडी लावलेली केबिन आम्ही आठवडाभर तशीच ठेवतो, घाई कितीही असली तरी.

छताचे कोपरे दोन्ही दिशांनी वळतात. तिथे आत ठोकळा चिकटवून, वर दोन भागांची पॉलिस्टर लांबी (पुट्टी) भरून घासतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त ओरखड्यांपुरती. ती जाड भरली की आत अडकलेला थिनर महिनोन्‌महिने निघत राहतो आणि चकचकीत रंगावर खोलगट रेघ उमटते. काचांच्या मधला खांब आमच्याकडे आधी चुलत्या-पुतण्यांच्या भांडणाचा विषय असायचा : मापाने तो जेवढा येतो तेवढा डोळ्याला बरा दिसत नाही. आता मापच ठेवतो. आतलं इंजिनचं कव्हर विसरायचं नाही. दोन सीटच्या मधला तो रेक्झिनचा उंचवटा समोरच्या काचेतून थेट दिसतो, आणि जुन्या ड्रायव्हर-क्लीनर लोकांना केबिनमधलं तेच आधी आठवतं.

पावसाळा आमचा शत्रू. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही भिडतो, गॅस सुटतो आणि टायरभर बुडबुडे. डबे घट्ट बंद, आत सिलिका जेल, ओतण्याआधी साचा ४० अंशांपर्यंत गरम. एनसी रंगाचं तसंच : थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि लाल रंग पांढरट पडतो. रिटार्डर (हळू उडणारा) थिनर टाकून, पातळ हात मारून निभावतं, पण जुलैतली रंगाची ऑर्डर शक्यतो पुढे ढकलतो. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो.

हौद्याला हेदाचं लाकूड. सागाचे रेषे या स्केलला जाडे दिसतात, हेद बारीक पोताचा. इंचभर फळी म्हणजे एक मिमी पट्टी. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडत्या बाजूच्या) बिजागऱ्या आणि साखळ्या पितळेच्या, आणि फाळके उघडलेच पाहिजेत.

काचा ०.३ मिमी पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकच्या, पांढऱ्या गोंदाने. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढरी साय धरते. अक्षरांचा प्रश्न मोठा, कारण साधा लेझर प्रिंटर पांढरं छापत नाही. गडद रंगावरची पांढरी-पिवळी अक्षरं स्टेन्सिलने किंवा बारीक ब्रशने हातानेच. 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, पण जुन्या गाडीच्या मागे ते हवंच. नंबरप्लेट मात्र तपासून. एमएच मालिका १९८९ मध्ये आली, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली गाडी तेव्हाच्या रूपात हवी असेल तर तिच्यावर एमएच चालत नाही, जुन्या आरसी बुकातला नंबर लागतो. बरेच लोक फोनवर आत्ताचाच नंबर देतात. आम्ही पुस्तकाचा फोटो मागतो.

गाडी पाटावर नुसती ठेवून पाठवत नाही. चासीच्या दोन आडव्या पट्ट्यांना एम३ नट आधीच डागलेले असतात, खालून बोल्ट येतात आणि प्रवासात भार पाट्यांवर नाही, चासीवर राहतो. वर ॲक्रिलिकची पेटी. सोबत दोन जादा आरसे आणि एक वायपर देतो, कारण पुसताना सगळ्यात आधी तेच तुटतात.