अर्ध्या मिनिटाच्या उडीसाठी अख्खा दिवस

सकाळी सातला मी आणि माझा भाचा ड्रॉपझोनवर, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी मारतात त्या मैदानावर, हजर होतो आणि आमच्या विमानाचं चाक जमिनीवरून सुटलं ते दुपारी सव्वाचारला. मधले नऊ तास कसे गेले ते आधी सांगते, कारण टँडम जंपला, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायच्या उडीला, जाणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला तोच आहे. दिवस पूर्ण मोकळा ठेवा. संध्याकाळी कुठे पोचायचंय, कुणाला शब्द दिलाय, असा दिवस निवडूच नका. डोक्यात घाई असली की वाट बघणं असह्य होतं आणि माणूस तिथल्या लोकांच्या मागे लागतो. या एका बाबतीत कुणाच्या मागे लागू नये.

सकाळी ढग खाली होते. ढगातून उडी मारत नाहीत. पायलटला खालची जमीन दिसायला हवी आणि पडणाऱ्याला आजूबाजूची विमानं. अकराच्या सुमारास ढग फाटले, तर वारा सुटला. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आडवा होऊन फडफडायला लागला. पॅराशूटला स्वतःचा पुढे जाण्याचा वेग असतो, साधारण ताशी 30 ते 40 किलोमीटर. समोरचा वारा तेवढाच जोरात आला तर ते हवेत जागच्या जागी थांबतं, त्याहून जास्त आला तर मागे सरकतं. त्यातही एकसारखा वारा परवडतो. झाडांवरून, हँगरवरून उलटापालटा होऊन झोताझोताने येणारा वारा वाईट, कारण तो नेमका उतरायच्या वेळी पॅराशूटला हेलकावे देतो. मुख्य प्रशिक्षक दर थोड्या वेळाने बाहेर येऊन वाऱ्याचा मीटर बघायचे आणि नुसती मान हलवायचे. एकदा तर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा संच, अंगावर चढवून झाल्यावर आम्हाला तो पुन्हा उतरवायला लावला.

भाचा हिरमुसला. त्याची ही दुसरी जंप, त्यामुळे काय हुकतंय ते त्याला ठाऊक होतं. मला मात्र त्या क्षणी धीर आला. पैसे भरून समोर बसलेल्या माणसांना जे लोक "आज कदाचित होणार नाही" असं तोंडावर सांगतात, त्यांच्या हाती जीव द्यायला मी तयार होते. गेल्या वर्षी एका दुसऱ्या ठिकाणी आम्ही गेलो होतो. तिथे माझं वजन केलं नाही, नुसतं विचारलं. सामानाबद्दल काही विचारायला गेलं की "होईल हो सगळं" एवढंच उत्तर मिळायचं. आम्ही तिथून परत आलो. पैसे गेले, पण त्याचं आजही वाईट वाटत नाही. वजनाला या खेळात फार महत्त्व आहे. त्यावर पॅराशूटची निवड, पडण्याचा वेग आणि उतरणं अवलंबून असतं. बहुतेक ठिकाणी 90 ते 100 किलोच्या आसपास मर्यादा असते. ती आधीच विचारून घ्या आणि आपलं वजन खरं सांगा.

वाट बघण्याच्या त्या वेळात मी पॅकिंगच्या जागी जाऊन बसले, आणि माझी भीती तिथेच कमी झाली. परवानगी विचारा, बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. लांबच लांब चटईवर एक मुलगी मुख्य पॅराशूट पसरून घडी घालत होती. टँडमचं पॅराशूट साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास असतं, एखाद्या मोठ्या खोलीएवढं. ते छत्रीसारखं नसतं, विमानाच्या पंखासारखं असतं. पुढची कड उघडी, आत कप्पे. उडताना कप्प्यांत हवा भरते आणि कापडाचा पंख तयार होतो. ही कल्पना 1960 च्या दशकात डोमिना जॅलबर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने मांडली. ती मुलगी एकेक दोरी बोटांतून सरकवत बघत होती. सगळ्या दोऱ्या ज्यातून जातात तो कापडाचा चौकोनी तुकडा, स्लायडर, तिने वर नेऊन नीट बसवला. पॅराशूट एकदम धाडकन न उघडता काही सेकंदांत सावकाश उघडतं ते या तुकड्यामुळे.

मग मी खांद्याजवळच्या कड्यांबद्दल विचारलं. एकात एक अडकवलेली तीन धातूची कडी, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. शेवटचं कडं दोरीच्या एका इवल्या फासाने धरलेलं आणि त्या फासातून गेलेली पिवळी तार. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही, तर प्रशिक्षक एक हँडल ओढतो, तार निघते, फास सुटतो, कडी एकामागून एक उलटतात आणि बिघडलेलं पॅराशूट अंगापासून वेगळं होतं. मग रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडतं. दोन माणसांचा भार प्रत्येक कड्यागणिक कमी होत त्या दोरीपर्यंत पोचतो, म्हणून एवढासा फास तो पेलतो. बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात ही रचना केली. त्या मुलीने मला हाताने करून दाखवलं. टक, टक, टक. एवढ्या साध्या गोष्टीवर एवढं मोठं काम सोपवलंय हे डोळ्यांनी बघितल्यावर पोटातला गोळा बराच विरघळला.

रिझर्व्ह मात्र कुणीही उठून पॅक करू शकत नाही. त्यासाठी परवाना असलेला रिगर, म्हणजे पॅराशूट तपासणारा-दुरुस्त करणारा माणूस, लागतो आणि ठरावीक मुदतीनंतर ते उघडून, तपासून पुन्हा पॅक करावं लागतं. मुदत देशागणिक वेगळी, अमेरिकेत 180 दिवस. प्रत्येक रिगसोबत, म्हणजे हार्नेस आणि पॅराशूटच्या संचासोबत, त्याचं कार्ड असतं, त्यावर शेवटची तारीख असते. ती दाखवा म्हणून सांगायला लाजू नका. शिवाय आत एक छोटं यंत्र असतं. दोन हजार फुटांच्या आसपास येऊनही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर ते आपणहून रिझर्व्ह उघडतं. प्रशिक्षकाला काही झालं तरीही.

प्रशिक्षण अर्ध्या तासात उरकलं. बाहेर पडताना हात हार्नेसच्या पट्ट्यांवर, मान मागे प्रशिक्षकाच्या खांद्यावर, कंबर पुढे, पाय मागे वळवलेले. म्हणजे शरीराचा बाक केळ्यासारखा, पोट जमिनीकडे. खांद्यावर थाप पडली की हात सोडायचे. उतरताना गुडघ्यांखाली पँट धरून पाय समोर उचलायचे. हे शेवटचं घरी खुर्चीत बसून दहा-पंधरा वेळा करून बघा. ऐन वेळी पाय वाटतात त्याहून जड लागतात.

कपडे म्हणाल तर अंगाला बसणारे, पूर्ण लांबीचे. बूट लेसचे, पण लेसला धातूचे हुक नकोत. चष्मा असेल तर आधी सांगा, त्यावरून घालायचे मोठे गॉगल असतात. गळ्यातलं, कानातलं काढून ठेवा. केस घट्ट बांधा आणि वेणी आत खोचा. खिसे रिकामे हवेत. उपाशी जाऊ नका, पोट भरूनही जाऊ नका. आणि सर्दी असेल तर सरळ दुसरी तारीख घ्या. दहा हजार फुटांवरून अर्ध्या मिनिटात निम्मं अंतर खाली येताना चोंदलेल्या कानात आणि नाकात जी कळ येते, ती त्या दिवशी तिथल्या एका तरुणाने भोगली. स्कुबा डायव्हिंग केलं असेल तर निदान 24 तास मध्ये जाऊ द्या. आयुर्विम्यात किंवा प्रवास विम्यात अशा खेळांना संरक्षण आहे का, तेही घरून निघण्याआधीच वाचा.

विमान होतं सेसना 182. एकच इंजिन, पंख वरच्या बाजूला, पायलटची सोडून सगळ्या सीटा काढलेल्या. आत पायलट आणि दोन जोड्या, म्हणजे पाच माणसं जमिनीवर पाय पसरून एकमेकांना टेकून बसलेली. माझे प्रशिक्षक माझ्या पाठीमागे. जागा एवढी कमी की गुडघा कुठे ठेवायचा हाही प्रश्न असतो. दहा हजार फुटांवर जायला वीसेक मिनिटं लागली आणि संपूर्ण दिवसात मला हीच वेळ सगळ्यात अवघड गेली. करायला काही नसतं. मी मनगटावरच्या, उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरकडे बघत होते. पाच हजारावर काटा आला तेव्हा खाली बघून वाटलं, एवढं पुरे की. प्रशिक्षक म्हणाले, "ताई, आत्ता आपण जिथे आहोत ना, पॅराशूट साधारण इथे उघडणार." म्हणजे अजून तितकंच वर जायचं होतं. भाचा समोरून ओरडून म्हणाला, "मावशी, दारात विचार करायचा नाही, फक्त मान मागे टाकायची!"

आठ हजारावर त्यांनी मला स्वतःला जोडून घेतलं. खांद्याला दोन हुक, कमरेला दोन. मी त्यांना प्रत्येक हुक मोठ्याने मोजायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक आकड्यासोबत ओढून दाखवलं. तुम्हीही सांगा, कुणी हसत नाही. माझी एक चूक मात्र झाली. मांडीची एक पट्टी पिळली गेली होती, जमिनीवर मदतनिसाने घाईत बसवलेली. मला ते जाणवलं होतं, पण उगीच कशाला म्हणून बोलले नाही. पॅराशूट उघडल्यावर सगळा भार त्याच पट्टीवर आला आणि मांडीचा काळानिळा डाग आठवडाभर राहिला. काहीही टोचत असेल तर जमिनीवरच बोला.

मग दार उघडलं. सेसनाचं हे दार वर उघडतं आणि वाऱ्याच्या दाबाने पंखाखाली चिकटून राहतं. थंडीचा लोट आत आला. दहा हजार फुटांवर जमिनीपेक्षा जवळपास 20 अंश कमी तापमान असतं, तेव्हा उन्हाळा असला तरी आत एक पूर्ण बाह्यांचा कपडा हवाच. त्याच वेळी इंजिनाचा आवाज एकदम उतरला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. बाहेर पडणाऱ्यांना सोपं जावं म्हणून पायलट मुद्दाम इंजिन मंद करतो. काही बिघडलेलं नसतं.

चाकाच्या वर एक छोटी पायरी असते. त्या पायरीवर माझा उजवा बूट टेकला आणि वाऱ्याने तो मागे ढकलला. तो बूट मला अजून दिसतो. बुटाच्या टोकापलीकडे शेतांचे चौकोन आणि सुतासारखा रस्ता. मी मान मागे टाकली.

पाळण्यात पोटात जो खड्डा पडतो, त्याची मी नऊ तास धास्ती घेतली होती. तो जवळजवळ पडलाच नाही. विमान आधीच जोरात पुढे चाललेलं असतं, आपल्यालाही तोच वेग असतो, त्यामुळे बाहेर पडताच वारा अंगाला भिडतो आणि वजन हळूहळू त्याच्यावर रेलतं. पहिले दोन-तीन सेकंद आकाश आणि जमीन यांच्या जागा बदलल्या. मग मागून एक हलका हिसका, तो ड्रोगचा. हे छोटं पॅराशूट पडताना मागे ओढत राहतं आणि दोघांचा एकत्र वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास रोखून धरतं. सुरुवातीच्या टँडम जंपमध्ये ते नसायचं आणि मुख्य पॅराशूट उघडताना फार जबर झटका बसायचा. त्यानंतर आपण पडतोय असं वाटतच नाही. हवा घट्ट लागते, तिच्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं. आवाज मात्र प्रचंड. श्वास अडकल्यासारखा झाला तर जोरात ओरडा. ओरडायला श्वास सोडावा लागतो आणि मग तो आपोआप आत येतो. मी ओरडले. आणि कॅमेऱ्याकडे बघू नका. व्हिडिओ घ्यायचा असेल तर घ्या, पण तुम्ही क्षितिजाकडे बघा. ते अर्धं मिनिट भिंगाकडे हसण्यात घालवलं तर नंतर हळहळ वाटते, हे भाच्याच्या पहिल्या अनुभवावरून मला माहीत होतं.

साडेपाच हजारांवर पॅराशूट उघडलं, आणि मग शांतता. कान दडले होते. नाक धरून फुंकल्यावर सुटले, तेव्हा दोऱ्यांतून वाहणारा वारा ऐकू आला आणि खाली कुठेतरी कुत्रं भुंकलेलं. प्रशिक्षक नेहमीच्या आवाजात माझ्याशी बोलत होते आणि मला तो स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी कमरेचे पट्टे थोडे सैल केले, दोन्ही टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी, माझ्या हातात दिले. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. एक जोराची गिरकी घेतल्यावर मला मळमळलं. मी लगेच सांगितलं आणि पुढे आम्ही सरळच उडत राहिलो. गिरक्या ऐच्छिक असतात, नको तर नको म्हणा. वर मान करून बघितलं तर दुसरी जोडी लांबवर, आमच्याहून थोडी उंच. जोड्यांमध्ये मुद्दाम काही सेकंदांचं अंतर ठेवतात. भाच्याचे पाय हवेत हलताना दिसले.

पाच-सहा मिनिटांनी विंडसॉक दिसायला लागला. वाऱ्याकडे तोंड करून शेवटचा टप्पा. पाय वर. "आता!" म्हणत प्रशिक्षकांनी दोन्ही टॉगल एकदम मांडीपर्यंत ओढले, पॅराशूट क्षणभर हवेत थबकलं आणि आम्ही गवतावर बसल्या बसल्या घसरत थांबलो. लगेच उभं राहू नका. माझे गुडघे दहा मिनिटं माझे नव्हते. आधी पाणी प्या आणि थोडा वेळ तरी गाडी चालवायला बसू नका.

भाचा उतरला, हार्नेस तसाच अंगावर ठेवून धावत माझ्याकडे आला आणि काही न बोलता शेजारी बसला. पॅकिंगवाली मुलगी आमचं पॅराशूट हातांत गोळा करून घेऊन गेली. विंडसॉक आता सरळ खाली लोंबत होता. त्या संध्याकाळी विमानाच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या.