आधी अल्बाइसिन, मग अलहाम्ब्रा

स्पेनमधल्या ग्रानादाला जाणारे बहुतेक जण सकाळी अलहाम्ब्रा हा राजवाडा बघतात आणि संध्याकाळी समोरच्या टेकडीवर, सान निकोलासच्या चौकात, राजवाड्याचे फोटो काढायला चढतात. ती समोरची टेकडी म्हणजे अल्बाइसिन, मूरांच्या, म्हणजे इथल्या मुस्लिम राजवटीच्या, काळापासूनची वस्ती. फोटो काढायची जागा एवढीच तिची ओळख उरावी, हे मला फार खटकतं. मी आणि आईने हा क्रम मुद्दाम उलटा केला. सकाळी गाइडबरोबर अल्बाइसिन पायी फिरलो आणि दुपारी राजवाड्यात गेलो. राजवाड्याच्या भिंतींकडे बघताना त्या वस्तीतल्या माणसांचं पुढे काय झालं हे ठाऊक असेल, तर त्या भिंती वेगळ्याच दिसतात.

आमची गाइड ग्रानादाचीच, इतिहास शिकलेली. गट छोटा होता. आई सत्तरी ओलांडलेली, आणि अल्बाइसिनच्या गल्ल्या म्हणजे नुसता चढ, त्यात पायाखाली गोटे बसवलेले. पण गाइडने सुरुवातीलाच आईच्या चालण्याचा अंदाज घेतला आणि सगळ्या गटाचा वेग तोच ठेवला. याबद्दल तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

सुरुवात प्लाझा नुएवा या चौकातून. तिथे शाही न्यायालयाची भारदस्त दगडी इमारत आहे, आणि गाइडने आम्हाला राजवाड्याकडे पाठ करून तिच्यासमोर उभं केलं. पहिल्या दहा मिनिटांत तिने जे सांगितलं, ते मी इथे थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१२३६ साली कोर्दोबा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं, १२४८ साली सेव्हिल. स्पेनमधल्या मुस्लिम राज्यांपैकी मोठं असं एकच उरलं, ते ग्रानादाचं. १२३८ मध्ये मुहंमद पहिला याने इथे नस्रिद घराण्याची सत्ता आणली आणि पुढे अडीचशे वर्षं हे राज्य तगून राहिलं. कधी लढून, कधी कास्तील या ख्रिस्ती राज्याच्या राजाला खंडणी भरून. ठिकठिकाणच्या पाडावानंतर निघालेली माणसं इथे आसऱ्याला आली, वस्त्या वाढल्या. २५ नोव्हेंबर १४९१ ला तह झाला आणि २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोअब्दिल याने शहर इसाबेला आणि फर्नांदो या ख्रिस्ती राणी-राजांच्या हवाली केलं. तहात लिहून दिलं होतं की लोकांचा धर्म, मशिदी, कायदे, मालमत्ता यांना हात लागणार नाही.

आठ वर्षांच्या आत तो कागद मोडीत निघाला. १४९९ मध्ये आर्चबिशप (पुढे कार्डिनल) सिस्नेरोस इथे आला, सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, अरबी ग्रंथांची होळी झाली. अल्बाइसिन पेटून उठलं, आणि मग उठाव केलात म्हणून तह रद्द, असं सांगण्यात आलं. धर्मांतर केलेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ मध्ये स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याचा हुकूम निघाला: अरबी बोलायचं नाही, लिहायचं नाही, आपले कपडे घालायचे नाहीत, हम्माम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं, बंद. त्याविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्कोने या न्यायालयाच्या अध्यक्षांकडे लेखी विनवणी केली. (आज दिसणारी इमारत त्यानंतर पुरी झालेली आहे.) कपडे हा प्रांताचा रिवाज आहे, धर्माचा नाही, न्हाणं स्वच्छतेसाठी असतं, आणि अरबी बोलणारे ख्रिस्ती तर जेरुसलेममध्येही आहेत, माल्टातही आहेत, मग भाषेने कोणी बाटतो कसा, असा त्याचा सवाल. चारशे साठ वर्षं होत आली या अर्जाला. मला तो त्या चौकात उभं राहून ऐकताना शिळा वाटला नाही.

तिथून दारो नदीच्या काठाने निघालो. नदी म्हणजे खरं तर ओढाच. एका बाजूला अलहाम्ब्राची टेकडी, दुसऱ्या बाजूला घरं, मधून एकच चिंचोळा रस्ता. याच रस्त्यावर एल बान्युएलो आहे, ११व्या शतकातला हम्माम. बाहेरून काही कळत नाही. आत गेल्यावर विटांच्या कमानदार छताला ताऱ्याच्या आकाराची भोकं दिसतात आणि त्यांतून उजेडाचे कवडसे जमिनीवर पडतात. खांबांकडे नीट बघा, गाइड म्हणाली. एकाही खांबाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. कुणी रोमन, कुणी रोमनांनंतर आलेल्या व्हिसिगॉथांचा, कुणी कोर्दोबाच्या खिलाफतीतला. जुन्या इमारतींचे दगड आणून नव्या कामात बसवलेले. नुन्येझ मुलेय ज्या न्हाण्याबद्दल भांडत होता ते हे. बाकीचे हम्माम पाडायचे हुकूम सुटले, हा वाचला, पुढे लोक इथे कपडे धूत असत.

नदीकाठ सोडून चढ चढलो की सान साल्वादोरचं चर्च येतं. पूर्वी या जागी अल्बाइसिनची मोठी मशीद होती. मशीद पाडली, चर्च बांधलं, पण मशिदीचं अंगण तसंच राहिलं. नालाच्या आकाराच्या कमानी, मध्ये झाडं. मला सगळ्या फेरीत हे अंगण सर्वांत जवळचं वाटलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय कुणीही नव्हतं, आणि गाइडने राहिलेली गोष्ट इथेच सांगितली.

१५६८ च्या नाताळात आल्पुहारासच्या डोंगरात मोरिस्कोंनी बंड केलं. अल्बाइसिन त्यात उतरलं नाही. तरी जून १५६९ मध्ये हुकूम झाला, की १० ते ६० वयाच्या सगळ्या मोरिस्को पुरुषांनी आपापल्या भागातल्या चर्चमध्ये जमावं. तिथून त्यांना रांगेने शहराबाहेर काढलं आणि कास्तील-आंदालुसियाच्या गावांतून पांगवलं. हात बांधून. बंड न केलेल्या माणसांना. १६०९ पासून तर साऱ्या स्पेनमधूनच मोरिस्कोंची हकालपट्टी झाली.

आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "आणि त्यांच्या घरांचं काय झालं?"

उत्तर आम्ही चालत होतो त्या गल्लीतच होतं. अल्बाइसिनची खासियत म्हणजे कार्मेन: उंच पांढऱ्या भिंतीआड घर आणि त्याला लागून फळझाडांची, वेलींची, कारंज्याची बाग. वसंतात भिंतीवरून जांभळ्या फुलांचे घोस बाहेर लोंबतात आणि प्रत्येक पर्यटक तिथे थांबून फोटो काढतो. गाइड म्हणाली, ही वस्ती पूर्वी दाट होती, घराला घर लागून. माणसं गेली, घरं ओस पडली, पडझड झाली. नंतर रिकाम्या जागा एकत्र करून नव्या मालकांनी मोठ्या बागा केल्या. आजच्या अनेक कार्मेनची मुळं त्यात आहेत. त्या बागा सुंदर आहेत यात शंका नाही. पण हे ऐकल्यावर मला तिथे फोटो काढावासा वाटला नाही.

प्लाझा लार्गा हा मात्र जिवंत, गजबजलेला चौक. भाजीवाले, फुलवाले, कॉफी पीत बसलेली म्हातारी मंडळी. कोपऱ्यात ११व्या शतकातल्या तटबंदीचा दरवाजा आहे आणि त्याच्या भिंतीवर गंजलेली वजनं टांगलेली आहेत. मापात पाप करणाऱ्या व्यापाऱ्यांची जप्त केलेली वजनं, सगळ्यांना दिसावीत म्हणून ठोकून ठेवलेली. दरवाजाच्या आत वाट काटकोनात वळते, म्हणजे हल्लेखोराला सरळ घुसता येऊ नये.

वर सान निकोलासच्या चौकात गिटारवाले, पर्यटक आणि समोर लाल तटबंदीचा अलहाम्ब्रा, त्याच्या मागे सिएरा नेवादाचा बर्फ. दृश्य अप्रतिम आहे, त्याबद्दल सगळे लिहितात, मी थांबते. शेजारीच २००३ साली उघडलेली नवी मशीद आहे. तिच्या बागेतूनही हेच दृश्य दिसतं आणि गर्दी निम्मीही नसते.

आईचं लक्ष मात्र चौकातल्या एका विटांच्या बुटक्या बांधकामाकडे गेलं. तो आल्हिबे, म्हणजे पाणी साठवायची जागा. अशा जवळजवळ अठ्ठावीस टाक्या अल्बाइसिनभर आहेत. आल्फाकार गावच्या झऱ्याचं पाणी आयनादामार नावाच्या पाटातून उताराउताराने इथवर येई आणि एका टाकीतून दुसरीत, तिथून घराघरांत जाई. ही व्यवस्था ११व्या शतकातली. "अगं, हे तर आपले हौद!" आई म्हणाली. ती सदाशिव पेठेतली. कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात येणारं पाणी, वाटेतले उच्छ्वास, पेठेपेठेतले हौद, नानासाहेब पेशव्यांच्या काळातली ती सगळी योजना तिने मला सांगितली, मी इंग्रजीतून गाइडला. गाइडने वही काढून टिपून घेतलं आणि उताराचं प्रमाण कसं राखत, असं विचारलं. त्याचं उत्तर मात्र आम्हा दोघींकडे नव्हतं.

जेवून, थोडं टेकून, लहान बसने अलहाम्ब्राला पोचलो. इथेही पाण्यापासूनच सुरुवात करायला हवी. टेकडीवर मुळात पाणी नव्हतं. दारो नदीचं पाणी वरच्या अंगाला काही किलोमीटरवर अडवून शाही पाटाने आणलं, म्हणून इथे राजवाडा, बागा, हम्माम, सगळं होऊ शकलं.

मर्टलच्या अंगणात, म्हणजे मेंदीसारख्या कापलेल्या हिरव्या कुंपणांच्या चौकात, लांबलचक तलाव आहे आणि त्यात कोमारेसच्या ४५ मीटर उंच बुरुजाचं प्रतिबिंब. सगळे प्रतिबिंबाचा फोटो काढतात. गाइडने आम्हाला तलावाच्या टोकाशी खाली वाकून बघायला लावलं. जमिनीलगत संगमरवराची एक उथळ गोल थाळी आहे, तिच्यातून पाणी उसळतं, आणि तलावापर्यंत जाणाऱ्या अरुंद पन्हळीत त्याचा वेग असा मारलेला आहे की ते तलावात शिरतं तेव्हा पृष्ठभागावर तरंगही उठत नाही. कारंजंही हवं आणि आरशासारखं पाणीही हवं. ज्याने हे जमवलं त्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही.

कोमारेसच्या दरबारात भिंतीच्या खालच्या भागात टाइल्सचं काम आहे. लांबून ते रंगवलेलं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक रंगाची वेगळी टाइल भाजून, तिचे तारे, पट्ट्या, कोन हाताने कापून, एकेक तुकडा जुळवून बसवला आहे. कडांवर छिन्नीच्या बारीक खुणा दिसतात. टाइलची ही कला पुढे सेव्हिलच्या कारागिरांकडून पोर्तुगालला गेली, तिथे बदलत बदलत निळी-पांढरी झाली आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात टाइल्सची चित्रं पाहिली असतील, तर त्यांचं मूळ घराणं हे. वरच्या लाकडी छतात हजारो तुकडे एकावर एक जुळवून सात आकाशं मांडली आहेत. आणि भिंतीभर एकच ओळ पुन्हा पुन्हा: अल्लाशिवाय विजेता कोणी नाही. नस्रिदांचं ब्रीद. सकाळचा इतिहास ऐकून आल्यावर ती ओळ वाचवत नाही.

सिंहांचा चौक मुहंमद पाचव्याने बांधला, १४व्या शतकाच्या उत्तरार्धात. १२४ सडपातळ खांब, मध्ये बारा सिंह, मकाएलच्या पांढऱ्या संगमरवरातले. अनेक वर्षं दुरुस्तीसाठी हलवलेले हे सिंह २०१२ मध्ये जागेवर परतले. एकाची आयाळ दुसऱ्यासारखी नाही, चेहरेही निरनिराळे. वरच्या थाळीच्या काठावर इब्न झम्रक या दरबारी कवीची कविता कोरली आहे. पाणी कुठलं आणि संगमरवर कुठला, या दोघांत वाहतंय नक्की कोण, असा तिचा आशय. त्या चौकाभोवतीच्या दालनांत मान वर केली की प्लास्टरच्या इवल्या इवल्या कोनाड्यांचे थर उतरत आलेले दिसतात. संगमरवर सोडला तर बाकी सगळं साधं. प्लास्टर, लाकूड, माती आणि पाणी.

बाहेर आलो की थेट कार्लोस पाचव्याचा राजवाडा. सिसिलीपासून अमेरिकेपर्यंत राज्य असलेला हा सम्राट १५२६ मध्ये लग्नानंतर काही महिने ग्रानादात राहिला आणि त्याने नस्रिदांच्या वास्तूला खेटून स्वतःसाठी महाल बांधायला घेतला. वास्तुकार पेद्रो माचुका. बाहेरून चौकोनी, आत प्रचंड गोल अंगण. उत्तम काम आहे, पण मला त्याचा राग आला, आणि तो राग जागेचा नव्हता. या बांधकामाचा खर्च मोठ्या प्रमाणात मोरिस्कोंकडून निघाला. आपले कपडे, आपल्या चालीरीती काही काळ राहू द्याव्यात म्हणून ते जो पैसा भरत होते, त्यातून. १५६८ च्या बंडानंतर तो पैसा आटला, काम रखडलं आणि सम्राटाचा महाल छपराविना पडून राहिला तो थेट २०व्या शतकापर्यंत. सम्राट तिथे एक दिवसही राहिला नाही.

हेनेरालिफे या शेजारच्या उन्हाळी महालाच्या बागा आम्ही पाय ओढत पाहिल्या, तेवढी एक जिन्याची जागा चुकवू नका: दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पन्हळी आहेत आणि हात टेकवायच्या जागी पाणी वाहतं. आईने तळवा त्यात बुडवून ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अलहाम्ब्राचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि नस्रिद महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती पाळावीच लागते. आधी तिकीट काढा, मग त्या तारखेभोवती बाकीचं ठरवा. महालांची वेळ दुपारची घ्या, म्हणजे सकाळ अल्बाइसिनला देता येते. बूट जाड तळव्याचे हवेत, गोटे फार टोचतात. वयस्क माणसं बरोबर असतील तर सान निकोलासपर्यंत बसने चढून खाली उतरत फिरता येतं. आणि अल्बाइसिनच्या फेऱ्या पुष्कळ जण काढतात, तेव्हा गाइड ठरवण्याआधी सान साल्वादोरच्या अंगणात नेणार का, एवढं विचारून घ्या.