कांदेनवमी, चार जुलै

४ जुलै २०२५, शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा.

आई आत्ताच झोपली. बाहेर अजून कुणीतरी फटाके उडवतंय. झोपण्याआधी हे लिहून ठेवायचंय, उद्यापर्यंत अर्धं निसटून जाईल.

आज इथे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि आमच्या घरी कांदेनवमी. परवा रविवारी आषाढी एकादशी. तेव्हापासून आईचा चातुर्मास, म्हणजे कांदा, लसूण, वांगं बंद. जळगावला या दिवशी तिचा स्वयंपाक ठरलेला: कांद्याची भजी, वांग्याचं भरीत, भाकरी. इथे सकाळी भजी झाली. भरताची वेळ आली तेव्हा तिने दुकानातलं काळंजांभळं वांगं हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. आमच्याकडचं भरिताचं वांगं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, बिया अगदी कमी. ते कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. विजेच्या शेगडीवर हे भाजायचं तिच्या जिवावर आलं. "राहू दे गं," म्हणाली. ते "राहू दे" मला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी मी म्हटलं, चल, वांगं खायला बाहेर जाऊ.

ही तिची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना बाहेर जेवायचं म्हटलं की मी तिला एडिसनच्या ओक ट्री रोडला नेलं. डोसा, थाळी, पाणीपुरी. घरापासून दहा मिनिटांवर हे इटालियन हॉटेल आहे, आम्ही दोघं महिन्यातून एकदा जातो. तिला कधीच नेलं नाही. तिला काय खाता येणार, अंडं चालत नाही, कुठल्या पदार्थात काय असेल, असं सगळं मीच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

लाँड्री आणि नखं रंगवायचं दुकान, यांच्या मधला गाळा. उन्हाळ्यात ते पार्किंगच्या कडेला सात-आठ टेबलं मांडतात, वर छत्र्या, कुंड्यांमधे तुळशीची इटालियन बहीण बेझिल. आईने जाताजाता पान चुरगळून वास घेतला. साडेसात वाजले होते तरी ऊन टेबलावर सरळ पडलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने थंड पिशवीतून स्वतःची वाईन काढली तसं तिने माझ्याकडे पाहिलं. न्यू जर्सीत गावाच्या साधारण ३,००० वस्तीमागे हॉटेलात दारू देण्याचा एक परवाना. जुना कुणी विकायला काढला तर किंमत लाखो डॉलरवर जाते. त्यामुळे अशी छोटी घरगुती हॉटेलं परवान्याच्या फंदात पडत नाहीत, गिऱ्हाईकच बाटली घरून आणतं. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मी लोणचं आणलं असतं."

मला हवी होती वांग्याची पार्मिजाना. तळलेल्या चकत्या, टोमॅटोचा रस, चीज, असे थरावर थर लावून भट्टीत भाजलेली. पण इथे चकत्या अंड्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. मी वाढणाऱ्या मुलीला अंड्याचं विचारलं. ती आत गेली आणि मालक स्वतः बाहेर आला. साठीचा असेल, हात पुसतच आला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. तो आईकडे बघून म्हणाला, "माझी आजी अंडं घालायचीच नाही." तिचं गाव सालेर्नोजवळचं. चकत्यांना मीठ लावून ठेवायची, सुटलेलं पाणी पिळून काढायची, पुसायची आणि नुसती तेलात तळायची. चुरा वगैरे इकडे आल्यावर. तशी करून देतो, पण अर्धा तास लागेल, चालेल का?

मी आईला मराठीत सांगितलं. मीठ लावून पाणी काढायचं म्हटल्याबरोबर ती मान हलवायला लागली होती. "बरोबर, तेल कमी पितं मग."

एक गोष्ट मला लपवता आली असती. पार्मेझानमधे वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे चीज करताना दूध थिजवायला घालतात ते, असतं; अस्सल इटालियन पार्मेझानचा तो नियमच आहे. आईला हे माहीत नव्हतं आणि न सांगता ती आनंदाने जेवली असती. पण चातुर्मासाच्या तोंडावर तिला असं फसवणं मला जमलं नाही. सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "ते नको." मालकाने आतून मोझरेलाचं पाकीट आणून माझ्यापुढे धरलं. त्यावर सूक्ष्मजंतूंपासून केलेलं रेनेट असं छापलेलं होतं. पार्मेझान वगळून फक्त हे घालायचं ठरलं. तोंड वाकडं न करता, उपकार केल्याचा आव न आणता त्याने हे केलं, ते मला फार मोठं वाटलं. स्वतःच्या घरात कुणाचा उपास असावा तसं विचारत होता.

त्या अर्ध्या तासात आधी सॅलड आलं. त्यातल्या लाल कांद्याच्या चकत्या तिने वेचून वेचून खाल्ल्या, नवमीचं कर्तव्य म्हणून. मी तिला वांग्याची गोष्ट सांगितली. वांगं मुळात आपल्याकडचं, अरबांच्या हातून सिसिलीत पोचलं. टोमॅटो अमेरिका खंडातला, स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलेला. दोघं दक्षिण इटलीत एका पातेल्यात भेटले. आणि साधारण १८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत तिकडची लाखो गरीब माणसं बोटीने न्यूयॉर्क-जर्सीकडे आली, ती हे पातेलं घेऊन. आई ऐकत होती. म्हणाली, "माझी आजी टोमॅटोला बेलवांगं म्हणायची. तिलाही ते वांगंच वाटायचं."

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. टोमॅटो आणि वांगं एकाच कुळातले, हे मी कॉलेजात पुस्तकातून शिकले. पणजी शाळेत गेली नव्हती.

ताटली आली तेव्हा साडेआठ होत आले होते, सूर्य नुकताच लाँड्रीमागे गेला होता. आईने हात लावला नाही. तिन्हीसांजेला ती जेवत नाही, दिवा लागल्यावर जेवते. मी विसरलेच होते, कारण इथल्या उन्हाळ्यात तिन्हीसांज अशी जेवणाच्या ताटावर येऊन बसते. मुलीने डासांसाठी टेबलावर मेणबत्ती पेटवली. आईने त्या ज्योतीला हात जोडले, ओठांतल्या ओठांत शुभं करोति म्हटलं आणि मग काटा बाजूला ठेवून हाताने ब्रेडचा तुकडा मोडला.

ती जेवली. नीट, चवीने, मधे काही न बोलता. घरी आल्यापासून ती माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी दोन घास कमी खाते, ते मला दिसतं. आज ब्रेडने ताटली पुसून घेतली. पार्मेझान नसल्याने थोडं मीठ कमी वाटलं, हे खरं. टोमॅटोही डब्यातले होते. जर्सीचे शेतातले टोमॅटो यायला अजून दोनेक आठवडे आहेत, तेव्हा परत या, असं मालक म्हणाला. तेव्हा ती वांगं खाणार नाही, हे मी त्याला सांगितलं. मग त्याने विचारलं, किती दिवस? चार महिने म्हटल्यावर त्याने आईला मान लववून नमस्कार केला. त्याच्या आजीकडे इस्टरआधीचे चाळीस दिवस मांस बंद असायचं.

परत येताना मागच्या हिरवळीवर काजवे होते, वर गावाची आतषबाजी. आईने काजव्यांकडेच पाहिलं.

आता फ्रिजमधे डब्यात एक मोठा तुकडा उरलाय. उद्या दशमी, म्हणजे चालेल. चातुर्मासात सोडलेलं वांगं आमच्याकडे चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येतं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. यंदा ती २६ नोव्हेंबरला. तोवर आई जळगावला पोचलेली असेल आणि बाजारात भरिताची वांगी असतील. झोपताना म्हणाली, एखाद्या दिवशी त्यातल्या दोन वांग्यांची ही थरांची करून बघते, कृती लिहून दे.

लिहायला बसले तर मीठ किती वेळ लावून ठेवायचं आणि तेल कुठलं, हे विचारायचंच राहिलंय. उद्या दुपारी चारला तो दार उघडतो. जाऊन विचारून येते.