तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे रीडर बदलून मिळालं काय?

सकाळच्या डोंबिवली फास्टमधला आमचा ग्रुप, ऑफिसात शेजारच्या टेबलवाले आणि घरी बायको, सगळ्यांनी एकच गोष्ट इतक्यांदा विचारलीय की एकदा लिहूनच टाकतो. बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप येतात तर हा माणूस दर सहा महिन्यांनी नवा फीड रीडर (आपण निवडलेल्या साइटी आणि ब्लॉगांवरचं नवीन लिखाण एका जागी आणून दाखवणारं अ‍ॅप) कशाला लावतो, आणि त्यातला चांगला कुठला?

आपोआप येतात, तोच तर त्रास आहे ना. मला कोणी ढकललेलं नकोय, मी निवडलेलं हवंय, आणि ज्या क्रमाने छापलं त्या क्रमाने हवंय. यात नादिष्टपणा काय आहे? (बरं, थोडा आहे.)

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा बरेच जण फीडली नावाच्या दुसऱ्या रीडरवर गेले, मीही गेलो. मग इनोरीडर, मग द ओल्ड रीडर, मध्ये काही महिने लॅपटॉपवर थंडरबर्ड, म्हणजे ईमेलचाच प्रोग्राम, त्यात फीडही वाचता येतात. प्रत्येक वेळी ओपीएमएल फाइल (आपण लावलेल्या सगळ्या फीडची यादी) काढायची, नव्या ठिकाणी चढवायची, दोन दिवस खूश. दोनशे चौदा फीड होते, म्हणजे तितक्या साइटींच्या नव्या लेखांच्या याद्या. कोण वाचणार होतं ते? मीच, म्हणे.

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. गिरगावातल्या एका काकांचा ब्लॉग होता, दोन-तीन महिन्यांतून एखादी पोस्ट, चाळीतल्या सामाईक नळाबद्दल, गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्यांबद्दल, असलं काहीबाही. कधी भेटलो नव्हतो, पण मी कमेंट टाकायचो आणि ते नेमाने उत्तर द्यायचे. २०१८ चा फेब्रुवारी. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, आत नेटवर्क गुल, नवीन काही येत नाही आणि समोर अनरेडचा आकडा १०००+ असा टोचत असतो. एका सकाळी बोगद्यातच वैतागून 'सगळं वाचलं' दाबलं. कळवा येईपर्यंत शून्य. काय हलकं वाटलं म्हणून सांगू, शेजारच्याला दाखवलंसुद्धा.

त्या हजारात काकांची पोस्ट होती. मला दिसली जुलैत, तीही जुनं काही शोधताना. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिनाअखेर खोली रिकामी करायची, तर जे कोणी हे वाचतात त्यांनी येत्या रविवारी चार वाजता चहाला या, कांदेपोहे आहेत, खुर्च्या कमी पडतील तर गॅलरीत बसू. खाली चार कमेंटी. एकाने लिहिलेलं, "आलो होतो काका, मजा आली." त्या शनिवारी चर्नीरोडला उतरून शोधत गेलो. निळे पत्रे ठोकलेले, वॉचमन म्हणाला इथले लोक भाडं घेऊन कुठे कुठे पांगले, त्याला काय माहीत. ब्लॉगवर कमेंट टाकली. त्यांचं उत्तर नाही, आणि त्यानंतर पोस्टही नाही.

तेव्हाचा मी म्हणायचो, रोज शून्यावर आणलं की माणूस अपडेटेड. अरे बाबा, पेपरचा दिवसाला शेकड्याने बातम्या ओतणारा फीड आणि काकांचा फीड एकाच रांगेत उभे केलेस कसे? तो म्हणेल, रीडरच तसं दाखवतो. खरंय, बरेच रीडर तसंच दाखवतात. पण फोल्डर करता येत होते की, केले नाहीस. म्हणजे दोष कोणाचा ते अजून ठरत नाहीये.

एवढं मात्र कळलं की रीडर निवडताना मी भलतंच बघत होतो, थीम, फाँट, वगैरे. बघायचं हे की गप्प बसणारा माणूस बोलला तर मला कळतं का. आता फोनवर फीडर नावाचा रीडर आहे, अँड्रॉइडचा, फुकट, खातं काढायला लागत नाही, मराठी नीट दिसतं आणि एकेका फीडची नोटिफिकेशन वेगळी लावता येते. क्वचित लिहिणाऱ्या सदतीस जणांची चालू ठेवलीय, पेपरांची बंद. लेख आधी उतरवून ठेवला की नेटवर्क गेलं तरी वाचता येतो. पण हे अ‍ॅप फोनवरूनच फीड आणतं, आणि फीडमध्ये पुष्कळदा शेवटच्या दहा-पंधरा नोंदीच असतात. म्हणजे चार दिवस फोन बंद राहिला तर पेपरच्या मधल्या बातम्या गेल्याच. फीडलीसारखा सर्व्हरवरचा रीडर, फोन बंद असला तरी, त्या जमवून ठेवतो. मग सर्व्हरवाला बरा का? पेपरसाठी असेल. काकांच्या पोस्टी दहा महिने दहातच राहिल्या असत्या. आणि हो, मागच्याच आठवड्यात मी पुन्हा एक नवीन उतरवून बघितला, बायकोला सांगू नका.

ग्रुपमधल्या एकाने फारच लावून धरलं म्हणून त्याला माझी ओपीएमएल पाठवली. पाचव्या मिनिटाला त्याचा मेसेज: "ही उघडते कशात?"